फ्लॅश गेलं, फायली उरल्या

१२ जानेवारी २०२१ या दिवशी जगभरातल्या संगणकांवरच्या फ्लॅश प्लेअरनं काम करायचं थांबवलं. बिघाड झाला नव्हता, कुणी हल्लाही केला नव्हता. ॲडोबी कंपनीनं शेवटच्या काही आवृत्त्यांमध्ये ही तारीख आधीच घालून ठेवली होती. त्या दिवसापासून फ्लॅश फाइल उघडली की चित्राच्या जागी एक छोटं चिन्ह दिसायचं आणि त्यावर क्लिक केलं की फ्लॅशची मुदत संपल्याचं सांगणारं कंपनीचं पान उघडायचं. मुदत संपलेलं सॉफ्टवेअर सहसा कोपऱ्यात पडून राहतं, जमेल तोवर चालतं. हे मात्र कॅलेंडर बघून स्वतःच बंद पडलं.

दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही करफॉर्म तोवर फ्लॅशमध्येच होते. त्या खात्यानं त्याच महिन्यात करदात्यांसाठी चक्क स्वतःचा ब्राउझर काढला. कशासाठी, तर फ्लॅशमधले फॉर्म उघडण्यासाठी! चीनमध्ये दालियनच्या रेल्वे डेपोत फ्लॅशवर चालणारी कामाची पानं उघडेनात, तेव्हा कर्मचाऱ्यांनी जुनी आवृत्ती हुडकून बसवली आणि गाडं पुढे ढकललं. खरं तर ॲडोबीनं २५ जुलै २०१७ रोजीच जाहीर केलं होतं, की २०२०अखेर फ्लॅश बंद होणार. साडेतीन वर्षं हातात होती. सरकारी खाती जगभर सारखीच असतात, एवढंच यातून दिसतं.

पण फॉर्म पुन्हा बनवता येतात. पाव शतकात फ्लॅशमध्ये तयार झालेली कार्टून्स, खेळ, शुभेच्छापत्रं, विज्ञानाचे धडे आणि कलाकृती पुन्हा कोण बनवणार? त्यांपैकी बरंच काही आज नव्या ब्राउझरात पुन्हा चालतं. ते वाचवलं ते फ्लॅशच्या मालकांनी नाही आणि मोठ्या ब्राउझर कंपन्यांनीही नाही. ते वाचवलं मुख्यतः लहानपणी हे खेळ खेळलेल्या हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी.

फ्लॅशचा जन्म इंटरनेटसाठी झालाच नव्हता. जोनाथन गे हा कॅलिफोर्नियातला तरुण प्रोग्रॅमर शाळा-कॉलेजच्या वयातच मॅकिंटॉशसाठी खेळ लिहीत असे. १९८६चा ‘डार्क कॅसल’ त्याचाच. जानेवारी १९९३मध्ये त्यानं चार्ली जॅक्सन यांच्याबरोबर फ्यूचरवेव्ह ही कंपनी काढली. तिचं पहिलं उत्पादन होतं स्मार्टस्केच, म्हणजे पडद्यावर पेननं चित्र काढायचा प्रोग्रॅम. ज्या पेन-संगणकांसाठी तो लिहिला त्यांचा बाजारच १९९४च्या सुरुवातीला बसला. मग स्मार्टस्केच विंडोज आणि मॅकवर आणला, पण तिथे बडे प्रतिस्पर्धी आधीच बसलेले. १९९५मध्ये संगणक-चित्रकलेच्या एका परिषदेत लोकांनी सुचवलं, की यात ॲनिमेशनची सोय करा. तेवढ्यात वेब नावाचं काहीतरी सुरू झालं होतं आणि त्यावर हलती चित्रं पाठवता आली तर बहार येईल, असं या मंडळींना वाटलं. पहिला प्लेअर त्यांनी जावामध्ये लिहिला. तो रखडत चालायचा. नेटस्केपनं बाहेरचे प्रोग्रॅम ब्राउझरात बसवण्याची, म्हणजे प्लगइनची वाट मोकळी केली आणि काम जमलं. १९९६च्या उन्हाळ्यात फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर बाजारात आला. मायक्रोसॉफ्टनं तो एमएसएनसाठी वापरला, डिस्नेनं मुलांच्या वेबसेवेसाठी. अवघ्या सहा माणसांची ही कंपनी वर्षअखेर मॅक्रोमीडियानं विकत घेतली आणि नाव ठेवलं फ्लॅश.

यश कशात होतं, तर फायलीच्या आकारात. आपल्याकडे विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली. त्या काळच्या मोडेमवर एखादा फोटो उतरायलाही दम काढावा लागे, व्हिडिओचं तर नावच नको. फ्लॅशच्या फायलीत चित्राचा एकेक ठिपका नसे. रेघ कुठून निघते, कशी वळते, कुठला रंग भरायचा आणि पुढच्या फ्रेममध्ये ती किती सरकते, एवढ्या सूचना असत. मोजमाप इतकं बारीक, की एका पिक्सेलचे वीस भाग केलेले. फाइल म्हणजे नाटकाची संहिता म्हणा. प्रयोग दर वेळी बघणाऱ्याच्या संगणकावर, प्लेअर नावाच्या नटाकडून व्हायचा. मिनिटभराचं कार्टून त्यामुळे काहीशे किलोबाइटांत मावे. पुढची सगळी कथा या रचनेतच दडलेली आहे.

२००० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात ॲक्शनस्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा मुरली आणि चित्रकारांना खेळ लिहिता येऊ लागले. परवानगी नको, प्रकाशक नको, दुकान नको. टॉम फल्प यांच्या न्यूग्राउंड्सवर कुणीही आपली फाइल चढवावी आणि बघणाऱ्यांनी मतं देऊन ती तारावी किंवा बुडवावी. झू झिचियांग या चिनी तरुणानं काडीच्या माणसांच्या कुंगफूची ‘शाओशाओ’ मालिका केली आणि ती जगभर फिरली. चॅपमन भावांच्या ‘होमस्टार रनर’ या कार्टूनमध्ये भाग संपला की शेवटच्या चित्रात कुठेतरी क्लिक करायचं; लपलेला एखादा विनोद उघडायचा. ही खोड व्हिडिओत उतरवता येत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सोलमधली ‘यंग-हे चँग हेवी इंडस्ट्रीज’ ही जोडी जॅझच्या ठेक्यावर नुसते शब्द आदळत ठेवून कविता सादर करायची, तीही फ्लॅशमध्ये.

सगळंच थोर होतं असं अजिबात नाही. हॉटेलचा फोन नंबर हवा असावा आणि आधी अर्धा मिनिट फिरणारा लोगो बघावा लागावा, हा त्रास त्या पिढीनं भरपूर सोसला. वेबच्या सोयीसुलभतेवर लिहिणारे याकोब नील्सन यांनी २००० सालीच फ्लॅशचा नव्याण्णव टक्के वापर वाईट असल्याचं ठणकावून सांगितलं. प्रमाण थोडं कमीजास्त असेल, तक्रार रास्त होती.

भारतात फ्लॅश शिरलं ते बहुधा शुभेच्छापत्रांतून आणि क्रिकेटमधून. कोलकात्याहून चालणाऱ्या १२३ग्रीटिंग्जची हलती, वाजती दिवाळीकार्डं २०००च्या आसपास मेलमधून घरोघर पोचत; अमेरिकेतल्या भाच्याचं कार्ड उघडायला सायबर कॅफेत जायचं, हा तेव्हा सणाचाच भाग होता. ‘स्टिक क्रिकेट’मध्ये दोनतीन बटणांवर सगळी फटकेबाजी व्हायची आणि ऑफिसात साहेब पाठमोरे झाले की एक ओव्हर सहज निघायची. २००६मध्ये मुंबईतून रिलायन्स समूहानं झपॅक हे खेळांचं संकेतस्थळ काढलं, ते याच लाटेवर. यूट्यूब २००५मध्ये आलं तेही फ्लॅशच्या खांद्यावर बसून. वेगवेगळ्या संगणकांवर व्हिडिओ सारखाच चालेल याची हमी तेव्हा दुसरं कुणीच देत नव्हतं. त्याच वर्षी ॲडोबीनं मॅक्रोमीडिया ३.४ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा सौदा केला.

मराठी मजकुराची इथे एक गंमत आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे जी देवनागरी संगणकावर नांदत होती ती श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांची. त्यांत पडद्यामागे अक्षरं रोमन असत आणि फॉन्टामुळे ती मराठी दिसत. फॉन्ट नसेल तर वेबपानावर नुसता कचरा दिसे. फ्लॅशमध्ये मात्र मजकुरातल्या अक्षरांची वळणंच फायलीत साठवता येत. त्यामुळे पुण्यात शिवाजी फॉन्टात केलेलं कार्ड न्यू जर्सीत तो फॉन्ट नसलेल्या संगणकावरही जसंच्या तसं दिसायचं. उलट युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवायची समज फ्लॅशला २००८च्या दहाव्या आवृत्तीत आली. आज जुन्या प्लेअरचं सोंग घेऊन या फायली चालवणाऱ्या प्रोग्रॅमात, म्हणजे इम्युलेटरात, यामुळे उलटाच न्याय होतो: चित्ररूपानं अडकवलेलं जुनं मराठी सुबक उमटतं. पण ते शोधायला जा, तर संगणकाच्या लेखी तिथे मराठीचं एक अक्षरही नाही.

फ्लॅशचा पाय घसरला तो फोनवर. २००७च्या आयफोनवर ते नव्हतं. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कारणं सांगितली: ते एका कंपनीच्या मालकीचं आहे, सुरक्षित नाही, बॅटरी खातं आणि बोटानं वापरण्यासाठी बनलेलंच नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यांत नेमका होता. फ्लॅशचे कितीतरी मेन्यू माउसचा बाण वर नुसता आणला की उघडायचे. बोट तसं नुसतं तरंगवता येत नाही. मालकीचा मुद्दा ॲपलनं मांडावा, हे ऐकून मात्र अनेकांना हसू आलं. ॲडोबीनं नोव्हेंबर २०११मध्ये फोनवरचा नाद सोडला. २०१५च्या जानेवारीत यूट्यूबनं प्लगइनशिवाय ब्राउझरातच चालणारा एचटीएमएल५ प्लेअर मुख्य केला. त्याच वर्षी जुलैमध्ये हॅकिंग टीम या इटालियन हेरगिरी-कंपनीचे दस्तऐवज फुटले, त्यांत फ्लॅशमधल्या कुणालाच माहीत नसलेल्या फटी निघाल्या आणि फायरफॉक्सनं प्लगइन काही काळ अडवून ठेवलं. प्लगइन ब्राउझरच्या कुंपणाबाहेर, थेट संगणकावर चालणारा प्रोग्रॅम होता. त्यात शिरलेला माणूस घरातच शिरायचा. फायरफॉक्सनं जानेवारी २०२१च्या आपल्या ८५व्या आवृत्तीतून फ्लॅश कायमचं काढलं. फ्लॅशसारखंच दुसरं प्लगइन, शॉकवेव्ह, २०१९मध्येच गेलं होतं. मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१मध्ये गेलं.

फायली वाचवण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते आणि बहुतेक फसले होते. फ्री सॉफ्टवेअरवाल्यांचा ग्नॅश हा पर्यायी प्लेअर २००५च्या अखेरीचा. पण फ्लॅशच्या फायलीची रचना सांगणारी कागदपत्रं ॲडोबी देई ती एका अटीवर: फाइल बनवणारे प्रोग्रॅम लिहा, चालवणारे लिहू नका. ही अट २००८मध्ये उठली. मोझिलानं २०१२मध्ये जावास्क्रिप्टमध्ये शमवे हा प्लेअर लिहायला घेतला आणि चार वर्षांत गुंडाळला. गुगलचं स्विफी फ्लॅशचं एचटीएमएल५मध्ये भाषांतर करून द्यायचं. तेही २०१६मध्ये बंद. गुगलला मुळात फ्लॅशच्या जाहिराती चालवायच्या होत्या. जाहिराती नव्या साच्यात गेल्या, तशी ती गरजही सरली.

काम मार्गी लावलं माइक वेल्श यांनी. ते न्यूग्राउंड्सच्या वर्तुळातले. फ्लॅश कार्टूनचा उत्तम व्हिडिओ करून देणारा स्विव्हल हा प्रोग्रॅम त्यांचाच. त्यांनी आधी फ्लस्टर आणि मग रफल या नावानं नवा प्लेअर लिहायला घेतला. दरम्यान दोन गोष्टी हाताशी आल्या होत्या. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा स्मृतीच्या वापरातल्या ज्या चुका हल्लेखोरांच्या पथ्यावर पडतात, त्यांतल्या बऱ्याचशा मुळातच होऊ देत नाही. आणि वेबअसेम्ब्ली २०१७अखेर चारही मोठ्या ब्राउझरांत आली होती, त्यामुळे जड प्रोग्रॅम ब्राउझरच्या कुंपणाच्या आतच झपाट्यानं चालू लागले. पानावर जुनी फ्लॅश फाइल सापडली की रफल तिचा ताबा घेतं; संकेतस्थळाच्या मालकानं ते बसवलेलं असलं की बघणाऱ्याला काहीच करावं लागत नाही, नाहीतर त्यानं आपल्या ब्राउझरात एक्स्टेंशन टाकायचं. सुरक्षेसाठी ब्राउझरातून हाकललेली गोष्ट अशी ब्राउझरच्या नियमांत राहून परत आली.

फ्लॅशचं सोंग हुबेहूब वठवायचं, तर जुन्या खोडीही शिकाव्या लागतात. फ्लॅशच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ॲक्शनस्क्रिप्टला नावांतल्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक कळत नसे. सातव्यापासून कळू लागला. किंमत न दिलेली संख्या आधी शून्य धरली जाई, नंतर ‘ही संख्याच नव्हे’ असा निकाल येऊ लागला. कुणा शाळकरी पोरानं २००२ साली गुणांची मोजणी शून्यापासून सुरू करायला विसरून खेळ लिहिला असेल, तर तो त्या काळच्या नियमानंच चालतो. म्हणून रफल आधी फायलीची आवृत्ती बघतं आणि तिच्या काळाप्रमाणे वागतं. २००६च्या नवव्या आवृत्तीबरोबर आलेलं ॲक्शनस्क्रिप्ट ३ तर जवळपास वेगळंच यंत्र होतं. ते नव्यानं लिहिणं हे दुसरं अख्खं काम ठरलं, त्यामुळे २००० ते २००५च्या आसपासचे साधे खेळ आधी सुरळीत चालू लागले आणि नंतरचे भारी खेळ मागाहून, हळूहळू. इंटरनेट आर्काइव्हनं १९ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे वर्षअखेरची मुदत संपायला सहा आठवडे उरले असताना, रफलवर चालणारा हजाराहून अधिक खेळ-कार्टूनांचा संग्रह खुला केला.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियातल्या बेन लॅटिमोर यांची. २०१७-१८च्या वळणावर त्यांनी फ्लॅशपॉइंट सुरू केलं. हिशोब सरळ होता: नवा प्लेअर लिहून होईल तेव्हा होईल, आधी फायली गोळा करा. स्वयंसेवकांनी लाखाहून अधिक खेळ जमवले; शॉकवेव्ह, जावा, सिल्व्हरलाइट, काहीच वगळलं नाही. ते खरे जुने प्लेअरच वापरतात, पण इंटरनेटपासून तोडून. इथे एक मजेदार अडचण आली. चोरी टाळण्यासाठी कित्येक खेळ आधी तपासत, की आपण आपल्याच संकेतस्थळावर आहोत ना. ते संकेतस्थळ दहा वर्षांपूर्वी बुडालेलं असे. मग फ्लॅशपॉइंट संगणकावरच त्या पत्त्याचं एक खोटं जग उभं करतं आणि खेळ खुशीत सुरू होतो. हक्कांच्या दृष्टीनं हे सगळं धूसर आहे. कितीतरी खेळांच्या मूळ निर्मात्यांचा पत्ताच लागत नाही आणि ज्यांचा लागतो त्यांच्याकडेही फाइल उरलेली नसते. कायद्याची वाट बघितली असती तर वाचवायला काही राहिलं नसतं, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरी वाट आणखी उफराटी. इल्या क्रेमर यांच्या ओल्डवेब डॉट टुडेवर आजच्या ब्राउझरच्या आत एक जुना संगणक सुरू होतो, त्यात नेटस्केप उघडतो आणि त्यात जुन्या तारखेचं पान. पान त्या काळात जसं दिसे, तसंच.

जे सर्व्हरवर होतं ते मात्र यांतल्या कुठल्याच वाटेनं परत येत नाही. झिंगा कंपनीचा फार्मव्हिल हा शेतीचा खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. त्याची फ्लॅश फाइल मिळाली तरी शेजाऱ्याच्या शेताला पाणी घालायला शेजारीच नाहीत. आवाजाच्या बाबतीत हे आधीच घडून गेलं होतं. रिअलऑडिओ १९९५चं, ते आलं आणि इंटरनेटवर गाणी ऐकण्याची सोय झाली. पण लोकांनी आपल्या संगणकावर जपून ठेवलेली छोटी रॅम फाइल म्हणजे गाणं नव्हतंच, तो सर्व्हरवरच्या गाण्याचा नुसता पत्ता होता. गाणं खरोखर उतरवून घेतलेलं असेल, तर व्हीएलसीसारखा प्लेअर ते आजही बहुधा वाजवतो. पत्ता वाजवता येत नाही.

मराठी शाळांशी थेट नातं सांगणारं एक उदाहरण यात आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. वीजमंडल जोडून बघा, लंबक हलवून बघा, अशी ती सिम्युलेशन्स. मूळची जावा आणि फ्लॅशमध्ये लिहिलेली. त्यांतल्या बऱ्याच सिम्युलेशन्सचं मराठीही झालं आहे. फेटनं दोन्ही गोष्टी केल्या. महत्त्वाची सिम्युलेशन्स एचटीएमएल५मध्ये नव्यानं लिहिली आणि जी जावातली राहिली ती चीअरपजे या साधनाच्या मदतीनं आजच्या ब्राउझरात तशीच चालवली. नव्यानं लिहिणं महाग पडतं, पण ते फोनवर बोटानं चालतं. जुनं तसंच चालवणं स्वस्त पडतं, पण त्याला माउस लागतो. ज्या शाळेत चाळीस मुलांमागे शिक्षकाचा एकच फोन आहे, तिथे हा फरक फार मोठा.

प्लेअर बंद पडला त्याच जानेवारीत, २०२१मध्ये, न्यूग्राउंड्सवर ‘फ्लॅश फॉरवर्ड’ नावाची स्पर्धा लागली. अट अशी, की कलाकृती नवी हवी, पण फ्लॅश फाइलच हवी आणि ती रफलवर चालली पाहिजे. लोकांनी जुनी साधनं बाहेर काढली आणि कार्टून्स, खेळ पाठवले; पुढच्या वर्षांतही ही स्पर्धा होत राहिली.